वार बदलला, निरोप पोचला का?



उपकेंद्रातला लसीकरणाचा वार बदलला की निरोप येतो व्हॉट्सअ‍ॅपवर. फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा कामावर. मग एखादी रोज बुडवून, बाळ कडेवर घेऊन जाते आणि कुलूप बघून परत येते. अशी परत आलेली बाई पुन्हा लवकर जात नाही. गोवर-रुबेलाची पहिली लस तर 9 महिने पूर्ण होताच द्यायची असते.

ग्रामपंचायतीत फलक लावला म्हणजे सांगून झालं, असं काहींना वाटतं. तिथं आपण किती जणी जातो? पिठाच्या गिरणीत मात्र सगळ्याच जातो! म्हणून आमच्या गटांनी आशाताईंना सांगून ठेवलंय, वार बदलला की गटाच्या अध्यक्षांना फोन करा. त्या वस्तीवर निरोप धाडतात, गिरणीच्या दारावर खडूनं लिहितात.

आणखी एक. प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. तरी पैसे नाहीत म्हणून ताप अंगावर काढणाऱ्या बायका मला अजून भेटतात. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलवा. हप्ता गोळा करायच्या आधी सचिवांनी लसीकरणाचा वार मोठ्यानं वाचावा, आणि न आलेल्या बाईच्या घरी कोण जाणार तेही तिथंच ठरवावं.