चूल, फॉर्म आणि ताणकाटा

(मंडळाच्या वर्धापनदिनी शहापूर येथे झालेले व्याख्यान)



आपल्या चिटणीसबाई मला आमंत्रण द्यावयास आल्या तेव्हा त्यांनी विषय मोठा भारदस्त दिला होता : ‘ऊर्जेचे संशोधन आणि सरकारी धोरण’. मी म्हटले, अहो, हे नाव ऐकूनच निम्म्या बाया घरी परततील. त्यावर त्या म्हणाल्या, “तुम्ही चुलीपासून सुरुवात करा, म्हणजे कोणी उठणार नाही.” तेव्हा चुलीपासूनच सुरुवात करते, आणि तीही माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून.

सन १९९४ ची गोष्ट. मी मुरबाड तालुक्यात नवीनच शिक्षिका म्हणून लागले होते. त्या काळी निर्धूर चुलींची सरकारी योजना जोरात होती. देशभर ती १९८३ च्या सुमारास सुरू झाली आणि २००२ पर्यंत चालली. तेवढ्या काळात सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्या गेल्या असे सांगतात. आमच्या भागातील चुलींची मोजदाद करण्याचे काम आम्हा शिक्षकांकडे आले. फॉर्मात रकाने थोडेच : घरमालकाचे नाव, गाव, चूल बसविल्याची तारीख, आणि चूल आहे किंवा नाही. एका वाडीत मी घरात शिरले तर नव्या चुलीच्या तोंडात कोंबडी अंड्यांवर बसलेली. घरची बाई पडवीत तीन दगडांवर भाकऱ्या भाजीत होती. मला म्हणाली, “बाई, चूल चांगली हाय, पन तिच्यावर भाकर फुगत नाय.” मी कोंबडीकडे पाहिले, फॉर्माकडे पाहिले आणि ‘आहे’ असे लिहून पुढल्या घरी गेले.

चूल होतीच, म्हणून मी खोटे लिहिले असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या बाईचे म्हणणे लिहावयास त्या कागदावर जागा नव्हती, आणि मलाही ती कडेला लिहिण्याचे सुचले नाही. असे किती कागद ठाण्याला, मुंबईला आणि दिल्लीला गेले असतील, आणि त्यांवरून चुली उत्तम चालल्या आहेत असे किती जणांना वाटले असेल, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही.

आता भाकर का फुगत नव्हती, ते ऐका. त्या चुलीचा जाळ धुराड्याकडे ओढला जाई. पुढच्या तोंडाशी तव्याला पसरट आच मिळेना. वैलावर भात शिजे, पण भाकरीला निखारा पुढे ओढून घ्यावा लागतो, तो ओढावयास जागा नाही. धुराडे महिन्या-दोन महिन्यांनी काजळीने चोंदे. ते झाडावयाचे कोणी? पुरुषमाणूस छपरावर चढेपर्यंत पाऊस सुरू होई. शिवाय धुराचेही काही उपयोग असतात : पावसाळ्यात वरच्या फळीवरची ओली लाकडे वाळतात, सुकी मासळी टिकते, छपराच्या लाकडाला कीड कमी लागते. प्रयोगशाळेत पातेल्यात पाणी उकळून जी चूल पहिली आली, ती आमच्या पडवीत नापास झाली ती अशी. याचा दोष मी एकट्या शास्त्रज्ञांना देत नाही. ज्यांना हे ठाऊक होते त्या बायांना कोणी विचारले नाही, आणि आपण होऊन सांगण्याची रीत आपल्यात नाही.

शास्त्रज्ञही मग शिकले, हे सांगितले पाहिजे. १९८० च्या सुमारास कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातेतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर हवा मोजण्याची लहान यंत्रे लावली. चुलीपुढचा धूर डोळे चुरचुरविणारा त्रास एवढाच नसून शहरातील कारखान्यांच्या धुराइतकाच गंभीर आहे, हे त्या मोजणीनंतर जगाने मनावर घेतले. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत अमूल्य रेड्डी यांनी १९७४ मध्ये ‘अस्त्र’ हे केंद्र उभे केले. त्यातील लोकांनी कर्नाटकातील खेड्यांत जाऊन सरपणासाठी बाई किती तास घालविते, पुरुष किती, मुले किती, याची घरोघर नोंद केली. पुण्यास डॉ. आनंद कर्वे, म्हणजे आपल्या इरावतीबाई कर्व्यांचे चिरंजीव, यांच्या ‘आरती’ या संस्थेने महाराष्ट्रात चुलींवर काम केले, तसेच खरकट्यावर चालणारा लहान गोबरगॅसही तयार केला. हल्ली तर चूल तपासावयाची रीतच बदलली आहे. सकाळी घरातील लाकूड वजन करावयाचे आणि दुसऱ्या सकाळी उरलेले पुन्हा वजन करावयाचे, मधल्या वेळी बाई नेहमीप्रमाणे रांधते. ही रीत मला फार पटते, कारण तिच्यात कोंबडी लपत नाही.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. ७ सप्टेंबर २०१९ रोजी तिची आठ कोटीवी जोडणी आपल्याच महाराष्ट्रात, औरंगाबादेस, बचतगटांच्या बायांच्या मेळाव्यात देण्यात आली. या योजनेची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. ज्या घरात शेगडी आली त्या घरात पहाटेचा चहा तरी फुंकणीवाचून होऊ लागला, आणि पावसात ओली मोळी फुंकणारीला विचारा, हे काही थोडे नाही. परंतु पुढे देशाच्या महालेखापरीक्षकांनी हिशेब तपासला तेव्हा आढळले की, २०१८ अखेर उज्ज्वलाच्या घरी वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर लागत होते. चार-पाच माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर करावयाचा तर आठ-नऊ तरी हवेत, हे आपणांस मी सांगावयास नको. मग उरलेला स्वयंपाक कशावर झाला? पुण्याची ‘प्रयास’ ही संस्था आणि इतर अभ्यासक हेच सांगत होते की, जोडणी मिळणे निराळे आणि गॅस वापरणे निराळे. त्यानंतर २०२२ मध्ये उज्ज्वलाच्या सिलिंडरवर २०० रुपयांची आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून ३०० रुपयांची सूट देण्यात आली. याला संशोधनच कारण झाले की निवडणुका, ते मी ठरवू शकत नाही. पण आकडा पुढे आला नसता तर बोलावयासही काही नव्हते.

इतके होऊनही माझा जुना फॉर्म अजून पुरता मेलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीत विचारतात, ‘स्वयंपाकासाठी मुख्यतः कोणते इंधन वापरता?’ उत्तर एकच लिहितात. २०१९ ते २१ च्या पाहणीत देशातील ५८.६ टक्के घरे स्वच्छ इंधनाची निघाली. त्यात माझ्या वहिनीसारखी घरे किती, कोण जाणे. तिचे घर मुरबाडच्या पलीकडे आहे. पाहुण्यापुढे ती अभिमानाने शेगडीच दाखविते. गेल्या वर्षी मी तिच्याकडे आठवडाभर राहिले आणि रोज लाकूड तोलले, तर मला वाटले होते त्याहून बरेच अधिक भरले. अंघोळीचे पाणी, भाकरी, गुरांचे आंबोण, सगळे चुलीवर. “गॅस चहाला आणि आजाऱ्याला,” ती म्हणाली. आणि ती मोळी आणावयाची कोठून? वैशाखात शेतात राब भाजावयाचा असतो. झाडांच्या फांद्या, पाला, शेण सारे आधी राबाला जाते, आणि सरपणाला बाईला आणखी वर डोंगरात चढावे लागते. राबाचा आणि चुलीचा हा तंटा पुस्तकात क्वचितच सापडतो. तो भातशेतीच्या आपल्या मुलखाचा आहे आणि आपणच सांगावयाचा आहे.

कोणी म्हणेल, मग विजेवर का रांधत नाही? विजेचे म्हणाल तर आपल्या शहापूर तालुक्यात चोंढे येथे डोंगराच्या पोटात २५० मेगावॅटचे वीजघर २००८ पासून आहे. रात्री विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातील पाणी चारशे मीटरांहून उंच घाटघरला चढवितात, आणि संध्याकाळी साऱ्या राज्यात दिवे लागले की तेच खाली सोडून वीज करतात. चढविण्यास जितकी वीज लागते तितकी परत मिळत नाही, चौथा हिस्सा तरी जातो; पण मिळते ती नेमकी गरजेच्या वेळी. सूर्याची वीज दिवसा आणि वाऱ्याची लहरीप्रमाणे, म्हणून अशा साठवणीचे मोल पुढे वाढतच जाणार. अशी हुशारी डोंगरात आहे, आणि डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावर पावसाची पहिली सर आली की दिवा जातो. घरात एकच खटका असलेल्या बाईला दीड हजार वॅटची विजेची शेगडी घ्या म्हणणे सोपे नाही. तारा आणि रोहित्रे आधी सुधारावी लागतील.

महाराष्ट्रात संशोधनातून धोरण कसे घडते याचे एक चांगले उदाहरण मात्र आहे. शेतीच्या पंपांना दिवसा वीज द्यावयाची तर गावच्या वाहिनीलाच सूर्याची वीज जोडावी, प्रत्येक पंपाला निराळे पत्रे लावीत बसू नये, हा हिशेब ‘प्रयास’ने मांडला. २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याच विचाराची आहे. राळेगणसिद्धीपासून तिचा आरंभ झाला. रात्री दोन वाजता साप-विंचवाच्या भीतीत पाणी देणाऱ्या घाटावरच्या शेतकऱ्याचे त्यात कल्याण आहे. पण आपल्याकडे पंप थोडे, पावसाचे भात फार. आपला जो खरा इंधनाचा प्रश्न, तो त्या योजनेत येत नाही आणि येणारही नाही. तो निराळा मोजावा लागेल.

शेवटी एक शंका, जी मला मुंबईच्या एका सभेत विचारली गेली : गॅस हेही खनिज तेलच, मग हवामानाच्या दृष्टीने खेड्यातील बायांनी चूलच ठेवावी हे बरे नव्हे का? मी त्या गृहस्थांना विचारले, आपण वातानुकूलित खोलीत बसला आहात ना? कर्क स्मिथ यांनी २००२ मध्येच ‘पेट्रोलियमची स्तुती?’ अशा मथळ्याचा लेख लिहून म्हटले होते की, गरिबांच्या स्वयंपाकाला लागणारा गॅस जगाच्या तेलापुढे इतका थोडा आहे की कार्बनची काटकसर तेथून सुरू करण्यात न्याय नाही. शिवाय चुलीची काजळीही हवा तापवितेच. स्वस्त वीज पाड्यावर नीट पोचेल तेव्हा विजेची शेगडी वापरावी. तोपर्यंत ज्या घरी भाकरी चुलीवरच हवी तेथे चांगली चूल, आणि बाकीच्या स्वयंपाकाला गॅस. मला तरी हेच व्यवहार्य दिसते.

आता मंडळाकडे माझे एक मागणे आहे. मी येताना एक ताणकाटा आणला आहे, पंचवीस किलोपर्यंत तोलणारा. प्रत्येक पाड्यातील दोन घरे निवडा. एक गॅस असलेले आणि एक नसलेले. महिनाभर रोज सकाळी लाकूड तोला, सिलिंडर आणल्याची तारीख लिहा, मोळीला किती वेळ गेला तेही लिहा. लिहिण्यास शाळेतल्या मुली मदत करतील. पावसाळ्यात एक महिना आणि उन्हाळ्यात राबाच्या दिवसांत एक महिना, असे दोनदा करा. वह्या घेऊन पंचायत समितीत कोणी यावयाचे ते आपण पुढच्या बैठकीत ठरवू, मी येईन. आणि पाहणीवाला दारात आला, ‘मुख्य इंधन कोणते’ म्हणाला, तर त्याला आत न्या, शेगडी दाखवा, चूलही दाखवा, आणि दोन्ही लिहून घेतल्याशिवाय सोडू नका.

ताणकाटा चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवला आहे.