पावसाचे पाणी आणि मातीची गाळणी

जयपूरला वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो; त्यातील बहुतेक जुलै ते सप्टेंबर या काळातच. रस्त्यांवरून वाहताना हे पाणी धूळ, तेल व धातूंचे अंश घेऊन निघते. बागेतील खोलगट जागी ते मुरविले, तर तेच पुढे विहिरीत उतरते. म्हणून तेथील माती ही गाळणीच होय. तिच्यात चिकणमाती अधिक झाली, तर पाणी तुंबते. नुसती जाड वाळू असली, तर ते पुरेसे न गाळताच खाली जाते. यास्तव निम्म्याहून अधिक वाळू घेऊन तिच्यात थोडी माती व कंपोस्ट खत मिसळतात. खत धातूंना धरून ठेवते. मात्र त्याचा अतिरेक झाल्यास त्यातूनच स्फुरद पाझरू लागते.

तथापि उत्तम मिश्रणही गाळाने बुजते. या बाबतीत आमेरजवळील जयगड किल्ल्याची रचना बोधप्रद आहे. डोंगरावरून पाटांनी आणलेले पावसाचे पाणी वाटेतील खड्ड्यांत गाळ टाकी आणि निवळून टाक्यांत शिरे. बागेतील गाळणीच्या तोंडाशीही असा खड्डा असावा आणि दर पावसाळ्यापूर्वी तो उपसला जावा.