बदलते पाऊसमान आणि आपल्या खोऱ्यातील ताप

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमाखर्चाचे वाचन आताच झाले. त्यातील 'प्रयोगशाळा साहित्य' या रकमेविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा अध्यक्षांनी दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकीय बाबतीत जे सांगेन ते आमच्या डॉक्टरांकडून समजावून घेतलेले आहे. मात्र ही रक्कम पुढेही का वाढणार, याचे उत्तर देणे हे माझे काम आहे.

जुलै २०२१ मध्ये शेजारच्या पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी तापाचे रुग्ण वाढले. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेले, तेव्हा प्रथम चिकुनगुनिया आढळला. पुढे संस्थेच्या पथकाने त्या परिसरातून ४१ नमुने घेतले. त्यांत २५ चिकुनगुनियाचे, ३ डेंग्यूचे आणि एक झिकाचा निघाला. महाराष्ट्रातील झिकाचा तो पहिला रुग्ण. तो महानगरात नव्हे, आपल्यासारख्याच एका गावात सापडला, आणि सापडला तो केवळ नमुने तपासले म्हणून. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात झिकाचे रुग्ण आढळले, त्यांत गर्भवती महिलाही होत्या.

हे तिन्ही आजार एडिस डासामुळे पसरतात. उष्णता वाढली की डासाच्या शरीरात डेंग्यूचा विषाणू लवकर परिपक्व होतो. २५ अंश सेल्सिअसला त्यास सरासरी दोन आठवडे लागतात, ३० अंशांस जेमतेम एक आठवडा. डासाचे आयुष्य अल्प असते, त्यामुळे हा वाचलेला आठवडा फार मोलाचा ठरतो. दुर्दैवाने विषाणूच्या दृष्टीने.

पावसाचे गणित अधिक चमत्कारिक आहे. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पुण्यातील डेंग्यूमृत्यूंचा अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. आठवड्यात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अंडी व अळ्या वाहून जातात. मध्यम आणि विखुरलेला पाऊस, सोबत २७ अंशांवरील सरासरी तापमान, हे डेंग्यूस पोषक ठरते. शतकाच्या मध्यापर्यंत पुण्यातील डेंग्यूमृत्यू २५ ते ४० टक्क्यांनी वाढतील, असा त्यांचा अंदाज आहे. घाटमाथ्याच्या मुसळधार पावसाने आपल्या पश्चिमेकडील गावांना आजवर काहीसे संरक्षण दिले असावे. पाऊस चार दिवस कोसळून पंधरा दिवस दडी मारू लागला, तर ते संरक्षण किती उरेल?

भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी ही धरणे आपल्या उशाशी आहेत. तरीही उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर पिंपे भरून ठेवावी लागतात. पिंप रिकामे केले तरी आतल्या कडेस चिकटलेली डासांची अंडी महिनोन्महिने तग धरतात. म्हणून कोरडा दिवस पाळताना पिंप घासणे आवश्यक आहे, नुसते उपडे करून भागत नाही.

डासांखेरीजही दोन आजार आपल्या शेतीशी निगडित आहेत. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईत त्याची साथ आली होती. आपल्याकडे भातलावणी करणारे दिवसभर खाचराच्या चिखलात उभे असतात आणि पायांवर भेगा असतातच. दुसरा स्क्रब टायफस, झुडपांतील बारीक किड्याच्या अळीच्या चाव्याने होणारा. २०१८ मध्ये विदर्भात त्याचा प्रादुर्भाव झाला होता. चाव्याच्या जागी काळी, न दुखणारी खपली धरते. ती काखेत वा कमरेशी असली तर कोणाच्या ध्यानात येत नाही. या दोन्ही आजारांवर डॉक्सिसायक्लिन हे अल्प किमतीचे औषध उपयोगी पडते, पण ते वेळीच मिळावे लागते. निदान लांबले की मूत्रपिंडे, फुप्फुसे बाधित होतात, रुग्ण अतिदक्षता विभागात जातो आणि घरचे बैल विकावे लागतात.

प्रत्येक साथीचे खापर हवामानावर फोडणे मला मान्य नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात आलेल्या गिया-बारे आजाराच्या उद्रेकाचा संबंध दूषित पाण्याशी जोडला गेला. तेथे जलवाहिन्यांकडेच पाहावयास हवे.

आता पैशाविषयी. देणगीदारांना यंत्र द्यावेसे वाटते, कारण यंत्रावर नावाची पाटी लावता येते. ते स्वाभाविक आहे आणि त्या यंत्रांवरच हे रुग्णालय उभे आहे. परंतु तपासणी किटला पाटी लावता येत नाही. त्याची मुदत संपते. साथ आली नाही तर ते टाकून द्यावे लागते आणि लेखापरीक्षक मला प्रश्न विचारतात. साथ आली व किट नसले तर प्रश्न विचारणारे आपण, रुग्णांचे नातेवाईक, असता. वर उल्लेखिलेल्या शास्त्रज्ञांच्या मते डेंग्यूचा इशारा दोन महिन्यांहून अधिक आधी देणे शक्य आहे. असा इशारा मिळू लागला तर खरेदी त्याबरहुकूम करता येईल; मात्र त्या वेळी हाती शिल्लक हवी, आणि अन्य कामासाठी राखलेल्या देणग्या त्यासाठी वापरता येत नाहीत.

म्हणून 'ज्वर निदान निधी' या नावाने स्वतंत्र खाते उघडण्याचा ठराव विषयपत्रिकेवर ठेवला आहे. डेंग्यू, चिकुनगुनिया, लेप्टो व स्क्रब टायफसच्या तपासण्या, तसेच संशयित नमुने बर्फपेटीतून पुण्यास पाठविण्याचा खर्च त्यातून व्हावा. न वापरलेल्या किटचा हिशेब दरवर्षी याच सभेत मांडला जाईल.

रुग्णांच्या आप्तांना एकच विनंती. ताप आलेल्या माणसास घेऊन याल तेव्हा तो लावणीस, गवत कापण्यास वा गुरांमागे रानात गेला होता का, हे केसपेपर काढतानाच सांगावे.