पिकअपला कारचं इंजिन? आधी हे विचारा

गटाची भाजी बाजारात नेणाऱ्या जुन्या पिकअपचं इंजिन बसलं, की कुणीतरी सुचवतं, "ताई, कारचं नवं डिझेल इंजिन टाका. स्वस्तात होईल, ॲव्हरेजही वाढेल." मग गटाकडे कर्जाचा अर्ज येतो. म्हणून आज हा विषय.

जुनं डिझेल इंजिन पंप आणि नोझलवर चालायचं. नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेल किती आणि केव्हा सोडायचं, ते कॉम्प्युटर ठरवतो. त्यामुळे नुसतं इंजिन आणून भागत नाही. त्याचा कॉम्प्युटर, वायरिंग, सेन्सर, बहुतेक वेळा चावीसुद्धा लागते. छोट्या कारचं इंजिन बहुधा आडवं बसवलेलं असतं, पिकअपचं उभं. म्हणजे माउंटिंग, गिअरबॉक्स, रेडिएटर सगळंच नव्याने जुळवायचं. खर्च तिथेच वाढतो. पुढे बिघाड झाला तर गावात स्कॅनर कुणाकडे आहे?

आता कागद. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, आरसी बुकातली माहिती कंपनीच्या मूळ नोंदीशी जुळणार नाही असा बदल मनाने करता येत नाही. तसा बदल केल्यास कलम 182-अ प्रमाणे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो.

तेव्हा आधी जुन्या इंजिनाच्या पूर्ण दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या. बदलायचंच असेल, तर त्याच मॉडेलचं इंजिन बघा, इंजिन नंबर लिहिलेली पावती मागा आणि आरटीओत आधी विचारा. हे कागद बैठकीत सगळ्यांसमोर वाचा, मगच कर्जाच्या ठरावावर सही करा. हप्ता आपल्यालाच फेडायचा आहे!