निवड आणि न्याय

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बंगळूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी गौरवाचे चार शब्द बोलावेत, अशी प्रथा आहे. ते कार्य आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडले आहे. आम्ही आपले लक्ष एका निराळ्या प्रश्नाकडे वेधू इच्छितो. सरकारी खर्चाने चालणाऱ्या चांगल्या शाळांत जागा थोड्या आणि इच्छुक मुले फार. अशा वेळी त्या जागा कोणास द्याव्यात?

"परीक्षा घ्या आणि गुणानुक्रमे यादी लावा," हे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांच्या ओठांवर असते. त्यात नवल नाही. आपल्यापैकी कितीतरी जण परीक्षांच्याच बळावर गाव सोडून या नगरीत स्थिरावले आहेत. परंतु सर्वांच्या हाती एकच प्रश्नपत्रिका पडली, म्हणजे सर्वांना एकच संधी मिळाली, असे म्हणता येईल काय?

या प्रश्नाचा विचार ज्या योजनेत नियमांच्या रूपाने झाला, ती म्हणजे जवाहर नवोदय विद्यालयांची योजना. १९८५-८६ साली प्रारंभीची दोन विद्यालये निघाली. एक हरियाणात झज्जर येथे आणि दुसरे आपल्या अमरावतीस. आज देशभर अशी साडेसहाशेहून अधिक विद्यालये आहेत. सहाव्या इयत्तेत प्रत्येक विद्यालयात अधिकांत अधिक ८० मुले घेतली जातात. निवास, भोजन, गणवेश आणि पुस्तके यांचा भार पालकांवर पडत नाही.

या निवडीची घडण पाहण्याजोगी आहे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखीव असतात आणि किमान एकतृतीयांश जागा मुलींसाठी. अनुसूचित जाती व जमातींच्या जागा जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणाशी जोडलेल्या आहेत. परीक्षा प्रादेशिक भाषांतून देता येते, त्यांत मराठीही आहे. १०० गुणांपैकी ५० गुण आकृत्यांवर आधारलेल्या बौद्धिक क्षमता चाचणीला आहेत. हेतू असा, की घरी पुस्तकांचे कपाट नसलेल्या मुलाचीही बुद्धी दिसावी. शिवाय ही परीक्षा एकदाच देता येते. त्यामुळे पैशाच्या जोरावर वर्षामागून वर्षे प्रयत्न करीत राहण्याचा मार्ग बंद होतो.

मग न्याय पूर्ण झाला काय? आमच्या मते नाही. आकृत्यांची कोडीही सरावाने सुटतात, हे ध्यानी येताच त्यांची मार्गदर्शके निघाली आणि शिकवणी वर्ग उभे राहिले. जो पालक फी भरू शकतो, त्याचे मूल तीच कोडी शेकडो वेळा सोडवून परीक्षेस बसते. खेड्यातील मजुराचे मूल ती प्रथम परीक्षागृहातच पाहते. त्याहून क्लेशकारक प्रकार म्हणजे शहरात राहून मुलाचे नाव केवळ कागदोपत्री खेड्यातील शाळेत ठेवणे. अशी एक जागा बळकावली गेली, की कोणा एका खऱ्या खेडुत मुलाचे दार बंद होते. ते मूल कोण, हे कधीच कोणास कळत नाही. म्हणूनच या अन्यायाची कोठे दाद लागत नाही.

नियमाचीही एक दुसरी बाजू आहे. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी या तिन्ही इयत्तांची पूर्ण वर्षे ग्रामीण शाळेत गेलेली असावी लागतात. लबाडी रोखण्यासाठी ही अट योग्यच. परंतु बीडकडील ऊसतोड कामगार हंगामात मुलांसह पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही जातात. त्यांच्या मुलांनी शाळेची पूर्ण वर्षे आणावीत कोठून? आणि याच बंगळुरात इमारतींच्या बांधकामावर राबणाऱ्या मजुराचे मूल शहरी ठरते व सुखवस्तू घरांतील मुलांच्या रांगेत उभे राहते. अट कितीही विचारपूर्वक घातली, तरी कोणी ना कोणी तिच्या बाहेर राहतोच. म्हणून नियम वेळोवेळी तपासून पाहावे लागतात.

हा वाद आजचा नव्हे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहांना आश्रय दिला. जागा देणे आणि त्या जागेपर्यंत पोहोचण्याचे बळ देणे, ही दोन्ही कामे एकत्रच करावी लागतात, हे त्यांनी जाणले होते. आपण ज्या भूमीत राहतो, त्या म्हैसूर संस्थानातही १९१८ साली याच प्रश्नावर मिलर समिती नेमली गेली. पुढे १९६२ साली म्हैसूर राज्याने अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांतील ६८ टक्के जागा राखीव केल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने बालाजी खटल्यात तो आदेश रद्द ठरविला आणि राखीव जागा सर्वसाधारणपणे ५० टक्क्यांच्या आत असाव्यात असे म्हटले. समता आणि गुणवत्ता यांचा तोल या मातीत असा वारंवार तोलला गेला आहे.

"यामुळे गुणवत्तेची हानी होत नाही का?" असे कोणी विचारील. आम्ही उलट विचारतो, दिव्याखाली बसून ९० गुण मिळविणारा आणि धाकट्या भावंडांना सांभाळून ८० मिळविणारी, यांत अधिक गुणवान कोण? उत्तर सोपे नाही. पण हा प्रश्न न विचारताच केवळ आकडे पाहून यादी लावणे हा न्याय नव्हे.

सरकारने काय करावे हे सांगणे सोपे असते. म्हणून आपण काय करावे, एवढे सांगून आम्ही थांबतो. एक, खोट्या दाखल्याच्या आधारे मिळविलेल्या प्रवेशाचे पेढे आपल्यापैकी कोणी वाटू नयेत आणि कोणी खाऊही नयेत. दोन, मंडळाचे सभागृह रविवारी सकाळी रिकामे असते. तेथे मजुरांच्या मुलांसाठी, त्यांची मातृभाषा कोणतीही असो, विनामूल्य वर्ग चालावा आणि प्रवेशअर्ज भरण्यास त्यांच्या पालकांना साहाय्य मिळावे. तीन, मंडळाच्या वार्षिक गुणगौरवात केवळ टक्केवारी पाहिली जाते; त्यातील निम्मी पारितोषिके यापुढे प्रतिकूल परिस्थितीत शिकणाऱ्यांसाठी ठेवावीत. या तिसऱ्या सूचनेने आपल्यापैकी काहींच्या घरची पारितोषिके कमी होतील, हे आम्ही जाणतो. परंतु न्यायाची किंमत आपणांस द्यावी लागत नाही तोवर त्याविषयी बोलणे फार स्वस्त असते.

कार्यकारिणीने या सूचनांचा येत्या वार्षिक सभेत विचार करावा, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.