दृष्टिबाधित बालकाची धाव : मोजमाप आणि न्याय



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांचा जीव वर्गाइतकाच मैदानातही रमत असे. म्हणून आज मी मैदानावरचाच एक प्रश्न मांडणार आहे. धावणे, उडी मारणे, चेंडू फेकणे या क्रियांना शास्त्रात स्थूल कारक कौशल्ये म्हणतात. दृष्टिबाधित मुलांच्या ठायी ती आपण कशी जोखतो?

आरंभी माझीच चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी अंशतः दिसणाऱ्या एका नऊ वर्षांच्या मुलीची मी चाचणी घेतली. दहा पावलांवरून लंगडी घालून दाखविली आणि म्हणालो, "आता तू कर." ती जागीच उभी राहिली. मी शून्य मांडले. त्या शून्याच्या आधारे तिला खेळाच्या तासाला 'सूट' मिळाली आणि वर्षभर ती व्हरांड्यात बसून राहिली. पुढे तिच्या मोठ्या बहिणीने तिचे हात आपल्या कमरेवर व दुमडलेल्या गुडघ्यावर ठेवून तिला लंगडीचा झोक समजावला. थोड्याच दिवसांत ती अंगणभर लंगडू लागली. मी तिच्या पायांची परीक्षा घेतो आहे असे मला वाटले होते. प्रत्यक्षात घेतली होती ती तिच्या डोळ्यांची.

अमेरिकेतील प्राध्यापक डेल उल्रिक यांनी १९८५ मध्ये स्थूल कारक विकासाची एक चाचणी प्रसिद्ध केली. तिची दुसरी आवृत्ती २००० साली निघाली. ३ ते १० वर्षांच्या मुलांसाठी तीत १२ कौशल्ये आहेत. ६ जागा बदलण्याची, ६ चेंडू हाताळण्याची. मूल किती वेगाने धावले हे ती विचारीत नाही. कसे धावले हे विचारते. कोपर वाकले होते काय? हात व पाय परस्परविरुद्ध हालत होते काय? क्षणभर दोन्ही पावले जमिनीवरून सुटली काय? नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की, ही चाचणी दृष्टिबाधित मुलांसाठीही विश्वसनीयपणे वापरता येते.

मात्र कृती मुलापर्यंत पोहोचली पाहिजे. ती शब्दांनी सांगावी, आपल्या अंगाला हात लावू देऊन समजू द्यावी, सराव अधिक द्यावा. धावताना पलीकडून टाळी वाजवावी किंवा दोरीचा आधार द्यावा. चेंडू जमिनीच्या रंगाहून वेगळा, ठळक असावा. इथे हजीऱ्यात तर आणखी एक भान हवे. तापीच्या मुखावरचा वारा आणि अवजड मालमोटारींचा आवाज यांत टाळी हरवून जाते. भर दुपारच्या लखलखाटात उरलीसुरली दृष्टीही दिपते. म्हणून परीक्षा सकाळच्या शांत वेळी घ्यावी. आणि केलेला प्रत्येक बदल गुणांशेजारी लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षीची तुलना खरी ठरेल.

इतके करूनही गुण कमी पडले तर? तेव्हाही दोष लगेच मुलाच्या माथी मारू नये. जे खेळणे दिसत नाही, त्याकडे बाळ झेपावत नाही. आईवडील पडण्याच्या भयाने हात सोडीत नाहीत. शाळा सूट देते. अशा रीतीने संधीची उणीव हळूहळू शरीराची उणीव होऊन बसते. कमी गुण म्हणजे 'याला जमत नाही' हा निकाल नव्हे. 'याला अजून शिकविले नाही' ही आपल्याला मिळालेली सूचना होय.

२०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचे १६ वे कलम शिक्षणसंस्थांना सांगते की, या मुलांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी. व्हरांड्यातल्या त्या मुलीचे वर्ष मी परत देऊ शकत नाही. परंतु या शाळेत यापुढे कोणाच्या नावापुढे 'सूट' लिहिण्याची वेळ आली, तर लेखणी उचलण्यापूर्वी त्या मुलाचा हात हाती घेऊन एकदा मैदानाला फेरी मारावी, एवढीच माझी प्रार्थना आहे.