आधी आचाऱ्याला बोलू द्या

खाण्याफिरण्याचं चॅनल काढायचं म्हटलं, की पुष्कळ जण आधी महागडा कॅमेरा शोधतात. पण त्याआधी हे उदाहरण पाहा: तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबाने २०१८ साली ‘व्हिलेज कुकिंग चॅनल’ सुरू केलं आणि २०२१ मध्ये एक कोटी सदस्यांचा टप्पा ओलांडला. आजोबा, नातवंडं, रानातली चूल आणि दगडावर वाटलेला मसाला! एकेक जिन्नस हातात धरायचा, खणखणीत आवाजात त्याचं नाव घ्यायचं, की तो गेला भांड्यात. तमिळ न येणाऱ्यालाही सगळं कळतं. मला सर्वात भावतं ते पुढचं: शिजलेलं अन्न म्हाताऱ्या माणसांना पोटभर वाढलं जातं.

आता आपल्याकडे या. कोल्हापूरचा रस्सा ‘एक नंबर’ आहे, एवढं सांगून भागत नाही. मटणाच्या अळणीत नारळाचं दूध पडून पांढरा रस्सा कसा होतो, तांबड्यावर कट कसा येतो, ते आचाऱ्याकडूनच वदवून घ्या. खानावळीचा पत्ता, ताटाचा भाव, सुट्टीचा वार सांगा. प्रवासाला निघालेली माणसं तेवढ्यासाठी व्हिडिओ पुन्हा उघडतात.

कमाईला वेळ लागतो. यूट्यूबवर लांब व्हिडिओंच्या जाहिरातींतला वाटा मिळायला साधारणपणे १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचं पाहणं लागतं. हॉटेलने जेवण फुकट दिलं असेल, तर तसं व्हिडिओतच स्पष्ट सांगा. जाहिरात मानक परिषदेचे नियमही तेच सांगतात.